गारा, छप्पर आणि नऊ हजार डॉलर



लहानपणी वळवाचा पाऊस आला की आम्ही भावंडं परात घेऊन अंगणात धावायचो, गारा वेचायला. आज्जी उंबऱ्यात उभी राहून ओरडायची, "तोंडात घालू नका गं, गार अभक्ष्य आहे!" बावीस अभक्ष्यांची नावं पाठशाळेत पाठ व्हायच्या आधी गारेचं नाव आम्हाला आज्जीच्या ओरडण्यातूनच पाठ झालं. गार म्हणजे तेव्हा हरभऱ्याएवढी, फार तर बोराएवढी. चार कौलं फुटायची, कैऱ्या गळायच्या, संपलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-सोलापूरकडं झालेली गारपीट ज्यांनी पाहिली, त्या म्हणतील, "संपलं काय म्हणता?" खरं आहे. पण तेव्हाही आपण रडलो ते द्राक्षबागांसाठी, रब्बीच्या पिकांसाठी. घराच्या छपरासाठी गारेची भीती वाटावी हे मला साठी ओलांडल्यावर कळलं, लेकीच्या घरी, टेक्सासमध्ये.

आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं आज डॅलस, ह्यूस्टन, डेन्व्हरकडं आहेत. आपण दर एक-दोन वर्षांनी तिकडं जातो, लोणची-मेतकूट पोचवतो, नातवंडांना णमोकार शिकवतो, आणि घराचे मोठे व्यवहार चालू असले की "तुमचं तुम्ही बघा बाई" म्हणून गप्प बसतो. मी या वेळी गप्प बसले नाही. बसायला हवं होतं का, हे वाचून तुम्हीच ठरवा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. लेक डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहते. तिथं मेमध्ये सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळं आमचं संध्याकाळचं जेवण निवांत चाललेलं होतं. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. जावईबापूंनी पोरांना उचलून खिडक्यांपासून लांब, मधल्या बाथरूमशेजारच्या बोळात नेलं. मग जो आवाज सुरू झाला तो मी जन्मात ऐकला नव्हता. कोणी वरून नारळ फोडतंय असा. दहा मिनिटांत थांबलं. बाहेर हिरवळीवर लिंबाएवढ्या गारा पसरलेल्या होत्या. तिकडं गारेचं माप नाण्यांनी आणि चेंडूंनी सांगतात. पाव डॉलरच्या नाण्याएवढी, म्हणजे एक इंच, झाली की हवामान खातं ते वादळ गंभीर धरतं. पावणेदोन इंच म्हणजे गोल्फचा चेंडू. आमच्या लिंबांची गणना त्यातच झाली.

मला नवल याचं वाटलं की छप्पर खालून बघितलं तर जसंच्या तसं. कुठं गळती नाही, ओल नाही. मी म्हटलं, वाचलो. लेक म्हणाली, "आई, इथं तसं नसतं."

ते कसं असतं ते आधी सांगते, कारण आपल्याला स्लॅबची सवय. तिकडच्या घराचं छप्पर उतरतं असतं, लाकडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर जाड कागदासारखं अस्तर, आणि त्यावर 'शिंगल'. ही शिंगल म्हणजे काचतंतूंची चटई डांबरात भिजवलेली, आणि वर बारीक दगडी कणांचा थर. तो कणांचा थर डांबराला उन्हापासून वाचवतो. गार आदळली की कण निघून जातात, खालच्या चटईला फळाला लागतो तसा मुका मार बसतो. आज गळत नाही. पण उघडं पडलेलं डांबर टेक्सासच्या उन्हात वाळतं, तडकतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी पोटमाळ्यात पाणी. पन्हळीतून वाहून आलेल्या पाण्यात काळ्या कणांचा खच पडलेला मी दुसऱ्या दिवशी स्वतः हाताने उचलला. चहाच्या चोथ्यासारखा दिसतो.

दुसऱ्याच सकाळी दारात माणसं. गारपीट झाली की गावोगावच्या छपरवाल्यांच्या गाड्या तिकडं पोचतात, काही तर दुसऱ्या राज्यातून. पहिला आला तो तरुण, हसतमुख, माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी होता. शिडी लावली, वर गेला, खडूने गोल करून फोटो काढले. म्हणाला, पूर्ण छप्पर बदलावं लागेल, क्लेम मी बघतो, डिडक्टिबलची चिंता करू नका, ते आम्ही 'सांभाळून घेऊ', आणि परमिट-बिरमिट लागत नाही, फक्त इथं सही करा.

जावईबापूंनी पेन हातात घेतलं होतं.

आता आकडे. मी बी. कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण खतावणी बघितल्याशिवाय मला झोप येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी पॉलिसी मागितली. घराचा विमा साडेचार लाख डॉलरचा. वादळ-गारपिटीसाठी डिडक्टिबल वेगळं, विम्याच्या रकमेच्या दोन टक्के. म्हणजे नऊ हजार डॉलर. लेकीला हे माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं एक हजार. (तुमच्या मुलांनाही तसंच वाटत असेल. आज विचारा. टक्का छपराच्या खर्चावर नसतो, घराच्या विम्यावर असतो.) विमा कंपनीने छपराचा खर्च धरला सतरा हजार. छप्पर अकरा वर्षांचं, म्हणून पाच हजार घसारा वजा. राहिले बारा. त्यातून डिडक्टिबल नऊ वजा. पहिला चेक तीन हजारांचा. घसाऱ्याचे पाच हजार काम पूर्ण झाल्याचं बिल दाखवल्यावर. म्हणजे विमा कंपनी देणार एकूण आठ हजार, आपण घालायचे नऊ.

मग मी जावईबापूंना एकच प्रश्न विचारला. हा मुलगा आपले नऊ हजार 'सांभाळून' घेणार आणि विमा कंपनीला सतरा हजारांचं बिल देणार. त्याच्या हातात पडणार आठ. आठ हजारांत हे छप्पर होत असेल तर सतराचं बिल खोटं. आणि सतराचं बिल खरं असेल तर आपल्या डोक्यावर अर्धंच छप्पर येणार. तिसरी शक्यता असेल तर मला सांगा.

ते काही बोलले नाहीत. लेक म्हणाली, "आई, इथं सगळेच करतात."

स्वाध्यायाला बसणाऱ्या मैत्रिणींना आठवत असेल, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे, खोटे कागद करणं; आणि त्याच्यापुढं अचौर्याच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम', राज्याच्या नियमाला बगल देऊन व्यवहार करणं. मी हे शब्द वर्षानुवर्षं दशलक्षण पर्वात ऐकले आहेत आणि दरवेळी वाटलं, हे पेढीवरच्या व्यापाऱ्यांसाठी असणार, आपण कुठं खोटी खातेवही लिहितो? डायनिंग टेबलावर समोर फॉर्म पडलेला असताना ते शब्द पहिल्यांदा मला घरातले वाटले. पण मी जावयाला प्रवचन दिलं नाही. परक्या घरी सासूने प्रवचन देऊ नये. मी त्यांना कायदा शोधायला लावला.

कायदा स्पष्ट निघाला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून विमाधारकाने डिडक्टिबल स्वतः भरणं बंधनकारक आहे. ते माफ करतो, परत करतो असं सांगणारा ठेकेदार गुन्हा करतो. आणि विमा कंपनी घसाऱ्याची रक्कम सोडण्याआधी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते. कोलोरॅडोतही छपरवाल्याला असं आमिष दाखवायला २०१२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे त्या हसऱ्या मुलाच्या कागदावर सही केली असती तर नऊ हजार वाचले असते की पाच हजार अडकले असते, हे सांगता येत नव्हतं.

आणि परमिट. टेक्सासमध्ये वायरमनला राज्याचं लायसन्स लागतं, प्लंबरला लागतं. छपरवाल्याला लागत नाही. आजवर लिंबू-सरबत विकणारा उद्या छपरवाला म्हणून पाटी लावू शकतो. मग तपासणार कोण? जिथं आहे तिथं ते शहराचं परमिट आणि त्यामागून येणारा इन्स्पेक्टर. छप्पर बदलायला काही शहरांत परमिट लागतं, शेजारच्या शहरात लागत नाही, त्यामुळं "माझ्या मित्राला नाही लागलं" याला अर्थ नाही. आपल्या शहराच्या इमारत विभागाला फोन करायचा. लेकीने केला. लागत होतं. फी शंभर-सव्वाशे डॉलर. सतरा हजारांच्या कामात शंभर डॉलरचा कागद 'लागत नाही' म्हणणारा माणूस शंभर डॉलर वाचवत नसतो, तो इन्स्पेक्टरला टाळत असतो. हे माझं मत आहे आणि ते बदलायला मी तयार नाही.

आणखी एक बारकावा. परमिट ठेकेदाराने आपल्या नावावर काढावं. "मालक म्हणून तुम्हीच काढा, स्वस्त पडतं" असं कोणी म्हणालं तर कामाची जबाबदारीही मालकाच्या नावावर येते.

शेवटी गावातच बरीच वर्षं असलेली एक छोटी फर्म ठरली. तिथं प्रश्न आला, कुठलं छप्पर? मला वाटलं होतं शिंगल म्हणजे शिंगल. तसं नाही. गारेला टिकणाऱ्या छपराची एक परीक्षा असते, यू.एल. २२१८ नावाची. पोलादी गोळा ठरलेल्या उंचीवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि बघतात मागून तडा गेला का. क्लास एकला सव्वा इंची गोळा, क्लास चारला दोन इंची, वीस फुटांवरून. क्लास चार सगळ्यांत वरचा. अशा शिंगलच्या डांबरात पुष्कळदा रबरासारखं पॉलिमर मिसळलेलं असतं, त्यामुळं ती मार सोसते, तडकत नाही. पत्र्याचं छप्परही चांगलं, फाटत नाही, पण पोचे पडतात. कौलं दिसायला सुंदर आणि आपल्याला जवळची, पण मोठ्या गारेने फुटतात. ते दुःख आपल्याला सांगायला नको.

क्लास चारला तीन हजार जास्त पडत होते. ते विमा कंपनी देत नाही. जसं होतं तसं करून देण्याचेच पैसे ती देते. म्हणजे घरातून एकूण बारा हजार. बदल्यात वर्षाच्या प्रीमियममध्ये सुमारे सहाशेची सूट. पाच वर्षांत वसूल. कागदावर सोपं दिसतं. पण मी पॉलिसीतली बारीक अक्षरंही वाचली (चष्मा बदलून), तर सूट घेताना विमा कंपनी एक कलम जोडू पाहत होती: फक्त दिसायला झालेलं नुकसान भरून देणार नाही. पत्र्याला पोचे पडले, गळत नाही, मग पैसे नाहीत. शिंगलच्या बाबतीत 'दिसायला' कुठं संपतं आणि 'खरं' कुठं सुरू होतं यावर भांडण होऊ शकतं. आम्ही ते वाचून, समजून, स्वीकारून सही केली. तुमच्या मुलांनी न वाचता करू नये.

क्लास चार म्हणजे वज्रलेप, असंही समजू नका. परीक्षा नव्या कोऱ्या शिंगलवर आणि पोलादी गोळ्याने होते. दहा वर्षं उन्हात भाजलेल्या शिंगलवर बर्फाची गार पडते तेव्हा गोष्ट वेगळी. विमा कंपन्यांनी चालवलेली आय.बी.एच.एस. नावाची संशोधन संस्था खऱ्या गारेसारखे बर्फाचे गोळे तयार करून शिंगलवर मारते आणि २०१९ पासून त्याचे गुण जाहीर करते. त्यात एकाच क्लास चारच्या दोन शिंगलमध्ये बराच फरक निघतो. विकत घेण्याआधी ती यादी फुकट बघता येते. आणि "आजीवन वॉरंटी"ला भुलू नका, त्यातून गारपीट बहुधा वगळलेली असते.

कॉलनीच्या संस्थेची, त्याला एच.ओ.ए. म्हणतात, मंजुरीही घ्यावी लागली. तिथले एक आजोबा "असली शिंगल आमच्याकडं चालत नाही" म्हणाले. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदा आहे की शेजारच्या छपरांशी मिळतंजुळतं दिसत असेल तर गारेला टिकणारं छप्पर संस्थेला नाकारता येत नाही. लेकीने नमुना दाखवला, विषय संपला.

काम दीड दिवसात झालं. तिसऱ्या दिवशी शहराचा इन्स्पेक्टर आला. वर चढून बघेल असं मला वाटलं होतं. तो आधी पोटमाळ्यात गेला. पाच मिनिटांनी खाली उतरून त्याने जावईबापूंना बोलावलं. पाणी तापवायचा गॅसचा बंब असतो, त्याचं धुराडं पोटमाळ्यातून छपरावर जातं. जुनं छप्पर उपटताना, नवं ठोकताना ते हलतं. आमच्याकडं ते वरच्या सांध्यातून पूर्ण सुटलं होतं. बंब पेटला की धूर बाहेर न जाता घरातच. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. पोटमाळ्याच्या बरोबर खाली नातवंडांची खोली.

फर्मने तासाभरात माणूस पाठवून सांधा बसवला, माफीही मागितली. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही; छप्पर ठोकताना असं होतं, म्हणूनच तर इन्स्पेक्टर आधी तिथं बघतो. त्या रात्री जावईबापू हॉलमधलं कार्बन मोनॉक्साइडचं अलार्म उघडून बसले होते. त्यातली बॅटरी कधीची संपलेली होती.

हा लेख इथंच थांबवला असता तर मी शहाणी ठरले असते. पण हिशेब पूर्ण सांगायला हवा. ते बारा हजार डॉलर आकाशातून पडले नाहीत. घराचा हप्ता, दोन पोरांचं पाळणाघर, आणि त्यात हे. आम्ही काही देऊ केलं, जावईबापूंनी घेतलं नाही. दिवाळीची चार तिकिटं त्यांनी रद्द केली. त्या दिवाळीला नातवंडं आली नाहीत. मी फराळाचे डबे केले ते शेजारी वाटले. पेन हातात घेतलेल्या जावयाला मी थांबवलं नसतं तर पोरं अंगणात फुलबाज्या उडवत असती, हे मला कळत नाही असं नाही. लेकीने एकदाच फोनवर म्हटलं, "आई, तू बरोबर होतीस, पण मला यायचं होतं गं." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही. तरी पुन्हा प्रसंग आला तर मी पुन्हा पेन काढून घेईन.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. प्रीमियमची सूट आपोआप सुरू होत नाही. टेक्सासच्या विमा विभागाचा एक फॉर्म छपरवाल्याने भरून सही करून द्यायचा आणि आपण विमा कंपनीला पाठवायचा. मी शिंगलच्या गठ्ठ्याचं एक वेष्टन, ज्यावर क्लास चार छापलेलं असतं, घडी करून पॉलिसीच्या फायलीत ठेवून आले. लेक हसली. कोणी विचारलं तर दाखवायला असू दे, मी म्हटलं.

परवा रविवारी जावईबापूंचा फोन आला होता. सूट लागू झाली म्हणाले. मग हसत विचारलं, "आई, आपल्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकली आहे ना, तिची नगरपालिकेची परवानगी घेतली होती का हो?"

नव्हती घेतली. पापड-कुरडया वाळवायला, पाऊस आत येऊ नये म्हणून आठ वर्षांपूर्वी टाकली, फॅब्रिकेटरला विचारलं तेवढंच. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात एक पत्रा उडून शेजारच्या परसात पडला होता, तिथं तेव्हा कोणी नव्हतं म्हणून बरं. फोन ठेवून मी यांना विचारलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "सगळ्यांच्याच शेड आहेत."

अर्ज आणून टेबलावर ठेवलाय. अजून सही झालेली नाही.